घरचं अनुमोदन

४ नोव्हेंबर, मंगळवार. धार

भैयासाहेब आले होते. पेढे घेऊन! बसले, पाणी प्यायले, घाम पुसला आणि म्हणतात — "आपल्या उर्वशीनं समाजाचं नाव काढलं हो ताई."

आपल्या उर्वशीनं! म्हणायला लाजही वाटली नाही.

बातमी मला त्यांच्या आधीच माहीत होती. दिल्लीत देशाच्या अंतर्गत सुरक्षेसाठी नवा विभाग होतोय. त्याच्या प्रमुखपदासाठी दोनच नावं उरलीत, त्यातलं एक माझ्या धाकट्या बहिणीचं. उभा जन्म पोलिसात काढला तिनं, जिथे कोणी जायला तयार नसे तिथे. परवा फोनवर हे सगळं दोन वाक्यांत सांगितलं आणि लगेच यांची चौकशी, "भावजींचा गुडघा कसा आहे?" तशीच आहे ती. स्वतःचं कौतुक कसं करायचं हे तिला कोणी शिकवलंच नाही.

आता धार-देवासच्या दोन्ही समाजांना तिला पाठिंब्याचा ठराव करायचाय. रविवारी, देवासला. खासदार तो दिल्लीला घेऊन जाणार. आणि त्यासाठी लागते मी! दरबाराच्या काळापासूनची रीत — समाज कोणाच्याही पाठीशी उभा राहायचा तर आधी घरचं अनुमोदन. घरातल्या सगळ्यांत वडील माणसानं उभं राहून तबकातली सुपारी उचलायची. आई-बाबा गेले, म्हणजे वडील माणूस मी.

ठराव मांडणार कोण? भैयासाहेब. धार समाजाचे अध्यक्ष आहेत ना.

लिहायचं नव्हतं, पण लिहितेच. आईचं तेरावं, याच घरात. उर्वशीनं शिलाँगच्या ख्रिस्ती डॉक्टरशी लग्न केलं होतं त्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. तरी आली. पंगतीत बसली, आईच्या पंगतीत बसणारच की! मी आत भात काढत होते. बाहेर आले तर तिचं पान वाढलेलं तसंच, आणि ती फाटकातून बाहेर पडतेय. भैयासाहेब तिच्या पानाशी उभे. बाकीचे सगळे खाली माना घालून वरण-भात कालवतायत.

त्यानंतर ती या घरात आली नाही. आम्ही भेटतो इंदूरला, कुठल्यातरी हॉटेलात, पाहुण्यांसारख्या. तो विषय ती काढत नाही, मीही काढत नाही.

"विचार करून सांगते" म्हटलं. पेढ्यांचा डबा परत द्यायचा राहिला.

५ नोव्हेंबर

पेढे गाईला घातले.

६ नोव्हेंबर, गुरुवार

यांच्याशी भांडण. हे म्हणतात, एक सुपारी उचलायची तर एवढं आकांडतांडव कशाला. जुनं झालं. लोक विसरले.

लोक विसरले! ज्यांनी केलं ते विसरणारच. यांना कोणाशी वाईटपणा घ्यायला नको. सगळं गाव म्हणतं माधवराव म्हणजे देवमाणूस — आणि देवमाणसाच्या बायकोनं कायम गप्प बसायचं.

दुपारी उर्वशीचा फोन. मला वाटलं होतं, ती म्हणेल हाकलून दे सगळ्यांना. तर नाही. म्हणाली, ठराव होऊ दे. दिल्लीत तिच्याविरुद्ध कुजबुज चालू आहे — ही कुठली, नवरा कुठला, हिची माणसं कोण? दुसऱ्या उमेदवाराच्या मागे त्याचं अख्खं गाव उभं आहे म्हणे. हिच्यामागे कोणी नाही असं दिसतंय.

"मी त्या लोकांच्या मांडीला मांडी लावून बसू?" मी म्हटलं.

"एवढं कर अक्का. कधी काही मागितलं नाही तुझ्याकडे."

खरंच कधी मागितलं नाही. कबूल केलं. तिच्यासाठी, फक्त तिच्यासाठी. पण संताप जात नाही. भांडी आपटून आपटून घासली. हे दोनदा आत डोकावून गेले.

९ नोव्हेंबर, रविवार. देवासहून परत



सकाळी गाडीनं गेलो. पीथमपुरापर्यंत कारखान्यांच्या शिफ्टच्या बसगाड्यांनी रस्ता अडवलेला. देवासला एकेकाळी दोन गाद्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. राज्यं गेली, पण समाजाचे अध्यक्ष अजून दोन! दोघांच्या खुर्च्या अगदी सारख्या उंचीच्या, मध्ये हार घातलेला उर्वशीचा वर्दीतला फोटो. फोटोला हार! जिवंत माणसाच्या! मी आधी जाऊन तो काढला. तिथूनच माझं डोकं फिरलं.

मग भाषणं. ज्यांनी तेव्हा माना खाली घातल्या ते सगळे आज मान वर करून बोलत होते. एकीला तर उर्वशी लहानपणापासून "शेरनी" वाटत होती म्हणे.

शेवटी भैयासाहेब. आवाज कापत होता त्यांचा. म्हातारे झालेत, पण मला दया नाही आली. म्हणाले — "ही धारची लेक. आमच्याच पंगतीत लहानाची मोठी झाली."

पंगतीत!

तबक माझ्यापुढे आलं. मी सुपारी उचलली. शपथेवर लिहिते, उचलली होती. त्यांच्याकडे बघितलं आणि ते भरलेलं पान डोळ्यांपुढे आलं. बोलायचं होतं खूप — ज्यांनी तिला जेवत्या पानावरून उठवलं त्यांनी तिचं नाव घेऊ नये.   त्याऐवजी सुपारी तबकात फेकली, माईकसमोरच, आणि खाली उतरले. 

काय बरं वाटलं! इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी उर्वशीसाठी काही केलं.

परत येताना यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. पडू दे.

१० नोव्हेंबर, सोमवार

शेजारची नीतू मोबाईल घेऊन धावत आली. "मावशी, हे काय केलं तुम्ही? सगळ्या ग्रुपवर घूम रहा है."

देवासचा कोणी भूपेंद्र, मोबाईलवर बातम्यांचं चॅनल चालवतो, त्यानं टाकलंय. मी सुपारी फेकतेय तेवढंच, पुन्हा पुन्हा. वर मोठ्या अक्षरांत — "सगी बहन ने ठुकराई सुपारी, घर ही ख़िलाफ़!"

समाजाच्या रीतीनं सुपारी परत टाकली म्हणजे घरचा विरोध. हे मला ठाऊक होतं. जन्मापासून ठाऊक! आणि त्या क्षणी आठवलं नाही. मला भैयासाहेबांच्या तोंडावर मारायची होती, ती लागली उर्वशीला.

भूपेंद्रला फोन केला. शांतपणे म्हणतो, "आंटी, जो दिखा वही डाला. तुम्ही बोलल्या असत्या तर ते पण टाकलं असतं."

फोन मीच ठेवला.

१२ नोव्हेंबर, बुधवार

दिल्लीच्या मोठ्या चॅनलवर. टाय लावलेला एक जण विचारतो, जिच्यावर बहिणीचा भरोसा नाही तिच्यावर देशानं का ठेवावा? टीव्ही बंद केला. परत लावला. परत तेच.

लाज गुंडाळून भैयासाहेबांना फोन केला. ते म्हणाले, रविवारीच दोन्ही अध्यक्षांना आणि खासदारांना कळवलंय — घरचा विरोध नाही, ताईंना चक्कर आली म्हणून सुपारी सुटली. पण कोणी ऐकत नाही.

मला चक्कर! स्वतःची अब्रू वाचवायला मला आजारी ठरवलं! आभार मानायला हवे होते बहुतेक. नाही मानले.

उर्वशी फोन उचलत नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

दुसरं नाव जाहीर झालं.

हे म्हणाले, "नशिबात नव्हतं तिच्या." मी ओरडले यांच्यावर. नशीब काय, मी घालवलं! मी आणि तुमच्या त्या भैयासाहेबांनी! हे चपला घालून बाहेर गेले. जेवायलाही आले नाहीत.

मला उर्वशीचा राग चालेल. शिव्या दे, बोल, काहीही. ही शांतता सहन होत नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

उर्वशीचा फोन आला. आवाज रोजच्यासारखा. मी रडले, सगळं सांगितलं — तुला आईच्या पंगतीतून उठवणाऱ्याकडून सुपारी घेववली नाही गं.

 ती म्हणाली, "भैयासाहेब तर मला बस म्हणत होते अक्का. हात धरून. उठून जा म्हणाले ते भावजी. मला वाटायचं, तुला माहीत आहे."

हे बाहेरून विचारतायत, कोणाचा फोन होता.