मागच्या सीटवरचा जोर

ता. ९, सोमवार

प्रिय वन्सं,

नमस्कार. आम्ही दोघं मजेत आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. रविवारी सकाळी नेहमीसारखे जोडसायकलवरून तुमच्याकडे येतोय. तुमचे दादा पुढे, हँडल धरून. मी मागच्या सीटवर, मागच्या पायडलांवर. जेवायला तळलेलं काही करू नका, आणि ‘वहिनी मागे बसून फुकटची हवा खातात’ हा विनोद या खेपेला नको.

दादांची तब्येत विचारली होतीत. साठी केव्हाच उलटली, पण वेग अजून पन्नाशीतलाच. सायकल क्लबातली तरणी पोरं तोंडात बोटं घालतात. परवा डॉक्टरांनी विचारलं, “काही त्रास?” तर यांनी मनगटावरचं घड्याळच पुढे केलं. “हा वेग बघा. आजारी माणसाचा वाटतो?” डॉक्टर हसले, आणि आम्ही घरी आलो.

मला हसू आलं नाही.

तुमची सगळी नोकरी हृदयाच्या वॉर्डात गेली. गेल्या वर्षी भांडी पुसता पुसता तुम्हीच म्हणाला होतात, “वय झालं की रक्तवाहिन्या पूर्वीसारख्या मोकळ्या होत नाहीत हो. पाय रक्त मागतात आणि पुरेसं पोचत नाही. रोजच्या सरावाने हे लांबतं, पण टळत नाही.” तेव्हा मी नुसतं हूं केलं. आता ते बोलणं डोक्यातून जात नाही.

चढ चढून वर आलो की दादा खाली उतरतात. म्हणे, चेन वाजतेय. चेन ठणठणीत असते. वाकून डावी पोटरी दाबत बसतात, जरा थांबलं की दुखणं ओसरतं, मग निघतात. घरी मोजे मीच ओढून काढते. उजवं पाऊल गरम, डावं गार. हे नुसतं वय आहे की नस बंद होत चाललीय, मला कळत नाही. तुम्हाला कळेल.

मग वेग तोच कसा, असं विचाराल. इथे माझा हात अडतोय.

आमच्या सायकलीची पायडलं एकमेकांना जोडलेली. पुढच्याचे पाय ढिले पडले की मागच्याला लगेच कळतं. मला या वर्षाच्या सुरुवातीला कळलं. त्या दिवशी घड्याळ बघून यांचं तोंड एवढंसं झालं. मला बघवेना, म्हणून पुढच्या खेपेला मी जोर लावला. वेग परत आला, स्वारी खूश, घरभर शीळ! मग मी चटावलेच. शिवणाच्या क्लासला जाते असं सांगून जिममध्ये सायकल मारते. यात कुणाचं काय बिघडतंय, असं वाटायचं.

बिघडलं. काल यांनी पुढच्या महिन्यातल्या डोंगररस्त्याच्या शर्यतीत नाव दिलं. एकट्याचं. “तू आराम कर. माझ्यात दम आहे अजून.” वन्सं, त्या रस्त्यावर मागे मी नसणार. तिथे छातीत कळ आली तर? खरं काय ते सांगायला गेले, तेवढ्यात शीळ सुरू झाली, आणि मी विचारलं, चहा टाकू का?

मला तोंडाने सांगणं जमायचं नाही. म्हणून रविवारी तुमच्या घराखालचा चढ सुरू झाला की मी जोर काढून घेणार आहे. माझे पाय पायडलाबरोबर नुसते फिरतील. मग ते मागे वळून बघतील. रागावले तर ऐकून घेईन. गप्प झाले तर मात्र मला सोसायचं नाही.

नेहमीसारखा गॅलरीतून हात हलवू नका. आधीच चढाच्या पायथ्याशी येऊन थांबा आणि आमच्या बरोबरीने चाला. सायकल फार वर येणार नाही. थांबली की त्यांना धरा. माझा हात त्या वेळी ते धरतील असं वाटत नाही. आणि शर्यतीचा विषय तुम्हीच काढा, वॉर्डातल्या आवाजात.

हे वाचून फोन मात्र करू नका. उचलतील तेच.

रविवारी पहिल्यांदाच फुकटची हवा खाणारी,

तुमची वहिनी