एकतिसाव्या दिवसाची गाडी

रविवार, ९ नोव्हेंबर

गाडी आणली! ही वही आता गाडीतल्याच खणात राहणार. डिझेल किती, ॲव्हरेज किती, मुक्काम कुठं, सगळं हिच्यात लिहायचं. वर्षाराणी म्हणाली, बायकोचा वाढदिवस कधी लक्षात राहिला नाही आणि गाडीची रोजनिशी! म्हटलं, बायको सेकंडहँड घेतली नव्हती, हिला जपावं लागतं. 

नवीन कॅम्परचे भाव ऐकून मी कधीच हात जोडले होते. हा टेम्पो ट्रॅव्हलर पेठ वडगावच्या आकाराम नावाच्या माणसाकडं मिळाला, तोही दोन लाखांत. मी काही आंधळेपणानं घेतला नाही. खाली झोपून पत्रा पाहिला, टायर पाहिले, छत गळतंय का म्हणून वरून पाण्याची पाईप मारली. सगळं ठणठणीत. मागं पलंग, बेसिन, गॅसची शेगडी, पंखा, कॅलेंडर अडकवायला खिळासुद्धा. ड्रायव्हरची केबिन प्लायवूड ठोकून वेगळी केलेली, खिडक्यांना लोखंडी जाळी. कडी तेवढी बाहेरून आहे, आतून नाही. ती मी बसवून घेईन.

आकारामनं घासाघीस केलीच नाही. एवढंच विचारलं, "पावणं, घरात म्हातारं माणूस हाय काय?" आई आहे म्हटल्यावर गड्यानं आपणहून दहा हजार कमी केले. असा विकणारा शोधून सापडायचा नाही.

रविवार, १६ नोव्हेंबर

चंदगडला जाऊन आलो. एका ओळखीच्या काजूच्या बागेत दोन दिवस गाडी लावली. शेगडीवरचा चहा, पायरीवर बसून कांदेपोहे. वर्षाराणी इतकी हसताना मी किती वर्षांनी पाहिली.

एक मात्र झालं. दोन्ही सकाळी दाराची कडी बाहेरून लागलेली. बागेच्या मालकाला फोन करून उघडून घ्यावं लागलं, तो पोट धरून हसला. मी आतून बसवलेली कडी निखळली होती. स्क्रू खाली पडले होते, पण ओळीनं, कुणी मांडून ठेवल्यासारखे. दाराला खाली एक झडप आहे, ताट सरकेल एवढी. मांजरासाठी असावी.

गादीखाली कॅलेंडरची जुनी पानं निघाली, चाळीसेक. प्रत्येक महिन्यावर पेन्सिलनं एक नाव. एका पानावर आकाराम, पुढच्या दोनांवर दुसरी दोन, मग परत आकाराम. ज्या महिन्यात एकतीस दिवस, तिथला शेवटचा चौकोन नखानं कोरून काढलेला. वर्षाराणी म्हणाली, फेकून द्या. मी ती पानं शेगडी पुसायला वापरली, जाड कागद चांगला असतो.

बुधवार, १९ नोव्हेंबर

ऑइल बदलायला हातकणंगल्यात सम्मेदच्या गॅरेजला गेलो. गाडी पाहताच त्यानं हात पुसले आणि लांब उभा राहिला.

त्यानं जे सांगितलं ते असं. आकाराम धरून तिघे भाऊ. आई प्रत्येकाकडं एक महिना, पाळीनं. सुनांना ती घरात नको होती, म्हणून तिघांनी मिळून ही गाडी करून घेतली. एक तारखेला गाडी एका दारातून दुसऱ्या दारात न्यायची, म्हातारी आतच. प्रत्येकाचे तीस दिवस ठरलेले. एकतिसावा कुणाचा, हे कधी ठरलंच नाही. यंदा एकतीस मेला एकानं सकाळीच गाडी दारातून बाहेर काढली, दुसऱ्यानं फाटक उघडलं नाही. दिवसभर गाडी रस्त्यावर उन्हात, कडी लावलेली. म्हातारी जाळीतून येणाऱ्या-जाणाऱ्याला तारीख विचारत होती. एक तारखेला उघडलं तेव्हा सगळं संपलं होतं. सम्मेदनं ऑइलचे पैसे घेतले नाहीत. म्हणाला, ही भंगारात घाला.

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण परत येताना मनात वेगळंच चाललं होतं. आम्हीही तिघे भाऊ. आई सध्या थोरल्या बाळासोकडं आहे. एक डिसेंबरला तिची माझ्याकडची पाळी. आमच्या फ्लॅटला एकच बेडरूम, आणि आईचा खोकला सगळ्या मजल्याला ऐकू जातो.

त्या भावांची कल्पना वाईट नव्हती. राबवली वाईट.

सोमवार, १ डिसेंबर

आईला पार्किंगमध्ये गाडीतच उतरवून घेतलं. नवी चादर, नवी उशी, पंखा. तिनं सगळीकडं हात फिरवला आणि म्हणाली, "झ्याक हाय की." मग विचारलं, "कडी भायेरनं का रं, धैर्या?" चोरांचं सांगितलं. खिळ्याला कॅलेंडर अडकवून दिलं, तेवढीच करमणूक.

रविवार, ७ डिसेंबर

बरं चाललंय. दार उघडलं की गार वारा आत जातो, म्हणून ताट झडपेतून देतो. आईच्या भल्यासाठीच. चार दिवस झाले, ती दोन भाकऱ्या मागते. जन्मात एकीच्या वर खाल्ली नाही. वर्षाराणीला सांगितलं, एकच दे, लाड नकोत.

आज गाडीजवळून जाताना खोकला ऐकला. आईचा. त्यामागून आणखी एक, जाड.

रविवार, १४ डिसेंबर

दार उघडून पाहिलं. आई खाली चटईवर. पलंगावर का झोपत नाहीस म्हणून ओरडलो, तर म्हणाली, तो त्या बाईचा हाय. कोण बाई? आई हसली. "माझ्याआधीची."

पलंगावर चादरीला खोलगा पडला होता. हात लावला. गरम होता.

कॅलेंडरवर आई रोज एक चौकोन नखानं काढते. तेरा गेलेत.

सोमवार, २२ डिसेंबर

कडी काढून ठेवतो, तासाभरानं लागलेली असते. वॉचमनला झापलं. तो म्हणाला, साहेब, तुमच्या आईच लावतात की. आई आत असते. आत. मी म्हटलं त्याला, म्हातारपणी दिसत नाही तुला. त्याचं वय तीस असेल.

गाडी विकायची. आईला धाकट्या सयाजीकडं पोचवलं की लगेच.

रविवार, २८ डिसेंबर

धाकट्या सयाजीला फोन केला. म्हटलं, तीस तारखेला माझे तीस भरतात, एकतीसला सकाळी आईला आणतो, आम्हाला गोव्याला जायचंय. तो उखडला. ऑक्टोबरचा एकतिसावा त्यानं काढला, हा मी काढावा. बाळासोला विचारलं, तर त्याच्या वाट्याला आता नोव्हेंबर, पुढं फेब्रुवारी, त्याला काय फरक पडतो!

मी आणणारच. दारात उभी केल्यावर बघू काय करतो.

झडपेशी आई कुणाला तरी सांगत होती, एकतीसलाच. त्याच दिवशी. माझं नाव ऐकलं मी—

३१ डिसेंबर, सकाळ

हातकणंगले. सयाजीच्या दारासमोर रस्त्यावर गाडी लावली. फाटकाला कुलूप. आई तोंड धुवायला खाली उतरली. गोव्यासाठी शेगडी काढून घ्यावी म्हणून मी वही खिशात घालून आत आलो.

कडी लागली. आईच बाहेर उभी होती.

हाका मारल्या. जाळीतून दिसते, पलीकडं झाडाखाली बसली आहे. ऐकू येतंय तिला.

३१ डिसेंबर, दुपार

सयाजीला फोन. म्हटलं, आत मी आहे, मी, आई नाही! तो म्हणाला, "आई असू दे न्हाय तर तू. आज माझी पाळी न्हाय." ठेवला.

बाळासो म्हणाला, फेब्रुवारीत बघू.

वर्षाराणी. तीही— तीस दिवस झाले की, म्हणाली. सयाजीच्या दारात आहात ना, मग त्यालाच सांगा. थट्टा नव्हती आवाजात. रागही नव्हता. मी दुधाचा हिशेब विचारल्यासारखी बोलली.

ऊन. डिसेंबरात एवढं ऊन कसं? पत्रा हाताला भाजतो. पंखा बंद.

३१ डिसेंबर, संध्याकाळ

प्लायवूडला लाथा मारल्या. हलत नाही. बेसिनला पाणी नाही, टाकी मीच भरली नव्हती, आईला कशाला लागतंय एवढं पाणी म्हणून. आई, मी म्हणालो होतो ते— चुकलं माझं. चुकलं.

दिवस मावळला. आता उद्या एक. उद्या सयाजीला उघडावंच लागेल.

३१ डिसेंबर, सकाळ

मोबाईल एकतीसच दाखवतोय.

सायकलवरून एक माणूस गेला. जाळीला तोंड लावून तारीख विचारली. एकतीस म्हणाला. थांबला नाही.

३१ डिसेंबर

किती वेळा उजाडलं. ऊन मे महिन्याचं. घसा—

कॅलेंडरवर सगळे चौकोन गेलेत. एकच राहिलाय.

३१

झडप उचलली. आईची बोटं. ताट नाही. आई, कडी काढ. पाया पडतो. ती रडत होती, खरंच रडत होती. म्हणाली, "काडली असती रं पोरा. पन आज मी कुनाचीच आई न्हाय."

पावलं गेली. आई— आई गं—

मागं खोकला. जाड.

बघणार नाही. बघितलं. चादर हलतेय, पलंगावर सरकून माझ्यासाठी जागा कर