ओतीव बिल्ला

१२ नोव्हेंबर

सौ. ताईस, भिंगरीचा शि. सा. न., स्वतःचेच दोन्ही कान धरून.

तुझं पत्र आणि त्याबरोबरची डबी मिळून बरेच दिवस झाले. उत्तर लिहायला बसलो नाही असं नाही. बसलो की पेन रुसायचं, शाई आणायला खाली उतरलो की कोपऱ्यावर कुणीतरी सायकल उलटी करून बसलेला दिसायचा, आणि मग त्याची चेन बसवण्यात दुपार जायची. हे कारण तुला पटणार नाही. मलाही पटत नाही. तू सांगितलेलं काम चुटकीसरशी होणारं होतं. पण डबी उघडली आणि कळलं, की हे पत्र लिहायचा मला धीर होणार नाही.

आधी खुशाली. मी ठीक आहे. बोटीवरचं काम सोडलं, टायरच्या दुकानातलं सुटलं (सोडलं आणि सुटलं यात फरक आहे, भेटलो की सांगेन). आता एका जुन्या लष्करी वस्तूंच्या दुकानात आहे. आत शिरलो होतो पत्ता विचारायला, तो राहिलोच. बटणं, पट्टे, पाण्याच्या बाटल्या, टोप्या, आणि भिंतभर बिल्ले. मालकांना सगळे भिंगवाले म्हणतात, कारण भिंग त्यांच्या डोळ्यालाच उगवल्यासारखं असतं. युद्धातल्या वस्तू जमवणारे लोक लांबून येतात, आणि आमचा निम्मा दिवस खरं कुठलं आणि खोटं कुठलं हे निवडण्यात जातो. वरच्या मजल्यावर खोली दिलीय. जिना असा, की रोज एक पायरी नवीन आवाज काढते.

आता तुझ्या डबीकडे येतो. तू लिहिलंस, उन्हाळ्यात दारात एक गृहस्थ उभा राहिला, बाबांच्या पलटणीतला म्हणाला. बाबा त्याच्या मांडीवर गेले, नदीकाठी, पहाटे. जाताना टोपीवरचा बिल्ला काढून त्याच्या हातात दिला, घरी पोचव म्हणाले. आई इतकी वर्षं स्मारकाच्या भिंतीवर बाबांचं नाव कोरू देत नव्हती, बेपत्ता म्हणजे मेलेला नव्हे म्हणायची, ती आता हो म्हणालीय. बिल्ल्याची मागची पिन तुटलीय, तेवढी लावून पाठव, नाव कोरतील त्या दिवशी तिला तो छातीवर लावायचाय.

ताई, तो बिल्ला खोटा आहे.

खरा बिल्ला पितळेच्या पत्र्यावर पोलादी ठसा ठोकून काढतात. पुढून वेलीचं पान उठून आलं असेल तर पाठीमागे तिथं खळगा पडतोच. ह्याची पाठ तव्यासारखी सपाट. म्हणजे वितळलेलं पितळ साच्यात ओतलंय. वेलीमधल्या पंखांवर सुईच्या टोकाएवढी भोकं आहेत, ओतताना हवा अडकते त्याची. कडेला कानस मारलीय. आणि खरा बिल्ला रोज घासून उंचवट्यावर झिजतो, खोलगट जागी काळा राहतो. हा सगळीकडे सारखाच मळका, आणि तो मळसुद्धा बुटाच्या पॉलिशचा. मी हुंगून पाहिला.

कुणाचा ते न सांगता भिंगवाल्यांना दाखवला. त्यांनी बघितला, आणि बोलता बोलता खोट्या मालाच्या डब्यात टाकून दिला. हात घालून मला तो पुन्हा शोधावा लागला.

तो माणूस कोण आहे? आईला यातलं अजून काही सांगू नकोस. रागाव, पण उत्तर दे.

लोभ शिल्लक असेल तेवढा असू दे.
तुझा भिंगरी

१९ नोव्हेंबर

चि. भिंगरीस, आशीर्वाद. धपाटा भेटीत.

भिंगवाल्याकडे भिंगरी, बरी जोडी जमली. तुझं पत्र मी न्हाणीघराचं दार लावून वाचलं, कारण मुलं मागून डोकावतात. मग तिथंच बसून राहिले.

तुला जे माहीत नाही ते सांगते. तू पाळण्यात होतास. मी सात वर्षांची, तिथंच उभी होते. बाबा निघायच्या सकाळी आईनं घाईघाईत स्वयंपाकघरातला ड्रॉवर ढकलला आणि त्याच्या फटीत तो बिल्ला चिमटला. डावीकडच्या वेलीचं खालून तिसरं पान चेपलं आणि वर तिरका चरा पडला. आई रडवेली झाली, जाताना हे काय झालं म्हणून. बाबा हसत होते. दातांनी पान सरळ करायला गेले आणि अजूनच बिघडवलं. आता तो बिल्ला भिंगाखाली धर आणि बघ. पान आहे, चराही आहे. आईनं त्या पाहुण्यांच्या हातात तो बघितला तेव्हा त्यांचं बोलणं ऐकलंच नाही, आधी अंगठ्यानं ते पान चाचपलं. मग खाली बसली. एवढी खूण कुठला लबाड उठवणार? तुझ्या भिंगवाल्यांचं भिंग पुसून घे.

पाहुणे आईकडेच आहेत. ती त्यांना भाऊ म्हणते, माझी मुलं मामा म्हणतात. गळकी पन्हळ त्यांनी बसवली. जेवताना बाबांच्या गोष्टी सांगतात आणि आई पानावरून उठत नाही. इतकी वर्षं तिनं एक रात्र घराबाहेर काढली नव्हती, हे यायचे आणि मी नसायची, म्हणून. माझ्या पहिल्या बाळंतपणाला शेजारच्या गावातल्या दवाखान्यातसुद्धा आली नाही, आठवतंय ना? परवा माझ्याकडे राहिली. सकाळी उशिरापर्यंत झोपली. मी दोनदा श्वास चालू आहे का बघून आले.

पिन लावून बिल्ला पाठवून दे. तोंड शिवून ठेव. पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी नाव कोरणार आहेत.

स्वेटर घालत जा. पत्राची वाट बघायला लावू नकोस, त्या कामाला आपल्या घरात एक माणूस पुरे.
तुझी ताई

२८ नोव्हेंबर

सौ. ताईस, शि. सा. न. ह्या वेळी उशीर नाही, दम लागलाय.

तुझं पत्र वाचून मी बिल्ला भिंगाखाली धरला. पान चेपलेलं, वर तिरका चरा. मला एवढं बरं वाटलं की मी खाली जाऊन भिंगवाल्यांना म्हटलं, तुम्ही चुकलात. ते म्हणाले, असेल, माणूस चुकतो, आणि खोट्या मालाचा तो डबा त्यांनी माझ्यापुढं जमिनीवर पालथा केला. त्याच पलटणीचे आणखी बिल्ले निघाले, तेच पंख, तीच वेल. प्रत्येकाचं डावीकडचं खालून तिसरं पान चेपलेलं. प्रत्येकावर तोच चरा, त्याच जागी.

भिंगवाल्यांनी समजावलं. खऱ्या बिल्ल्यावरून साचा घेतला, की त्याची जखमही साच्यात उतरते, आणि मग जेवढे ओतावेत तेवढ्यांच्या अंगावर येते. पितळ निवताना आकसतं, म्हणून नक्कल मुळापेक्षा केसभर लहान भरते, पण जखम तीच. मी दाराच्या पायरीवर जाऊन बसलो. एक गिऱ्हाईक मला ओलांडून आत गेलं. म्हणजे बघ, आईचं बरोबर आणि भिंगवाल्यांचंही बरोबर. तिच्या ड्रॉवरची खूण खरी, बिल्ला खोटा. आणि बाबांचा बिल्ला कुठंतरी आहे.

हे ओतणारा माणूस बस डेपोमागं राहतो, पत्ता भिंगवाल्यांनीच दिला. नळ आणि दाराच्या मुठी ओततो (वाटेत एक अख्खी बस ढकलायला थांबलो, पण ते असो). बिल्ले जोडधंदा. त्यांना तो खोटे म्हणत नाही, नाटकवाल्यांसाठी करतो म्हणे, पुढं कोण काय सांगून खपवतो ते त्याला ठाऊक नाही. उन्हाळ्याआधी एकानं मूठभर एकदम नेले. बोलताना कोटाचं एकच बटण घालत-काढत होता म्हणे. ताई, तुझ्या मुलांचा मामा बटण घालतो-काढतो का? त्या पलटणीतून बेपत्ता झालेल्यांची घरं त्यानं हुडकलेली असणार. पलटण लहान, खरे बिल्ले मिळत नाहीत, म्हणून सगळ्या नकला ह्या एकाच बिल्ल्यावरून निघतात. आपल्या घरी ती खूण जुळेल हे त्या बिचाऱ्यालाही कुठं माहीत होतं? बाकीच्या घरांत काय झालं असेल, विचार करवत नाही.

खरा बिल्ला ओताऱ्याच्या टेबलावर खिळ्याला टांगलेला आहे. मी बघितला. तो त्याला भंगाराच्या पोत्यात मिळाला. युद्ध संपल्यावर काही वर्षांनी एक लष्करी इस्पितळ बंद केलं, तिथल्या कोठारातलं भंगार. रुग्णांच्या मागं राहिलेल्या वस्तू. मी विचारलं, मेलेल्यांच्या? तो म्हणाला मेलेल्यांच्या, आणि जे तसेच उठून निघून गेले त्यांच्याही.

नदीकाठ नाही, ताई. इस्पितळ. आणि पुढं काय ते कुणालाच ठाऊक नाही. मी काय करू, सांग.

तुझ्या शिव्यांची वाट बघणारा,
भिंगरी

५ डिसेंबर

चि. भिंगरीस, आशीर्वाद.

बटण घालतात-काढतात. तेच आहेत.

रविवारी जेवताना मी त्यांना सहज विचारावं तसं विचारलं, की बिल्ल्यावरचा तो चरा कसला. ते लगेच म्हणाले, गोळी चाटून गेली होती, मी शेजारीच होतो. आई खळखळून हसली. म्हणाली, भाऊ, यांनी तुम्हालाही थाप मारली होय! अहो, गोळी कसली, माझा ड्रॉवर. आणि तिनं सगळी हकीकत सांगितली. मी त्यांच्याकडे बघत होते. घास हातातच राहिला. त्यांनी दोनदा विचारलं, तोच बिल्ला? नक्की तोच? मग पाण्याचा तांब्या सांडला. दुसऱ्या दिवशी अंथरूण नीट घडी घालून ठेवलेलं, आणि माणूस गायब. आई म्हणते, त्यांना दुसऱ्या घरीही निरोप पोचवायचे असतील, मनाचा मोठा माणूस. मी चूल पुसत राहिले.

तू विचारलंस काय करू. काही करू नकोस. इस्पितळाचं ऐकलं की तिच्या मनात काय येईल ते तुलाही कळतं. बरे झाले असतील, कुणी नेलं असेल, डोक्याला मार लागून नाव विसरले असतील. आणि पुन्हा ती दारासमोरच्या त्याच खुर्चीत वाट बघत जाऊन बसेल. तुला ती खुर्ची सोडून जाता आलं. पायाला भिंगरी म्हणून आम्ही हसलो, पण तू का पळतोस ते मला केव्हाच कळलं होतं. मी राहिले. दाराकडे बघत जेवणाऱ्या बाईला रोज वाढलं की काय होतं ते मला विचार. त्या लबाडानं तिला जे दिलं ते तुला-मला देता आलं नाही, एवढंच मी म्हणते. ते खोटं आहे हे मलाही कळतं.

पाथरवट येऊन दगडावर खडूनं नाव आखून गेला. आईनं जवळ उभं राहून अक्षरं सारखी आहेत ना ते बघितलं.

रविवारच्या आत बिल्ला पाठव. तोच. दुसरा नको.

रागावले आहे, पण तुझीच,
ताई

११ डिसेंबर

सौ. ताईस, शि. सा. न.

पाठवत नाही.

थांब, पत्र फाडू नकोस. तू लिहिलंस त्यातलं एकही अक्षर खोटं नाही. मी पळालो. पण मी इस्पितळाच्या जागीही जाऊन आलो. तिथं आता गोदाम आहे. रखवालदारानं चहा पाजला आणि सांगितलं, कागदपत्रं भिजून केव्हाच फेकून दिली. म्हणजे विचारायला दुसरं दारच नाही. ओताऱ्याशी मी चार दिवस हुज्जत घातली, त्याचा भाता ओढला, मुठींना पॉलिश केलं. शेवटी वैतागून त्यानं खरा बिल्ला खिळ्यावरून काढून मला दिला, घे बाबा आणि जा म्हणाला.

आता दोन्ही माझ्यासमोर टेबलावर आहेत. नक्कल खरोखर केसभर लहान आहे. खऱ्याच्या पाठीला खळगे आहेत, आणि चेपलेल्या पानावर दोन बारीक खाचा, ज्या नकलेत नीट उतरल्याच नाहीत. दातांच्या असाव्यात. बाबांची म्हणून माझ्या हाताला लागलेली ही पहिली वस्तू, ताई. तुला ते हसताना तरी आठवतात.

मी असा विचार करतो, की ती नाव कोरू देवो की न देवो, पण तिनं बघून ठरवावं. त्या माणसानं तिच्या नवऱ्याचा मृत्यू बनवून आणून दिला. आपण तोच टिकवायचा, तर आपण त्याच्याच धंद्यात शिरलो की. ती पुन्हा खुर्चीत बसली तर ह्या वेळी मी शेजारी बसेन. हे लिहायला सोपं आहे, मला माहीत आहे. तरी लिहितोय. शनिवारी मी दोन्ही घेऊन येतो, तू फक्त तोवर

मध्येच थांबलो. खाली दुकानात कुणीतरी माझं घरचं नाव घेऊन विचारतंय, ते नाव इथं कुणालाच माहीत नाही. भिंगवाले म्हणताहेत, वर आहे, जिना जपून चढा.

ताई, आई आलीय. एकटी. खाली भिंगवाल्यांना सांगतेय, की पोस्टाचा भरवसा नाही, रविवार तोंडावर आला, म्हणून बिल्ला न्यायला स्वतःच निघाले, आता मागं कुणासाठी थांबायचं आहे! आणि प्रवासात खिडकीची जागा मिळाली म्हणून केवढी खूश आहे. पायऱ्या वाजताहेत. दोन्ही बिल्ले टेबलावर आहेत आणि मी त्यांच्यावर हात ठेवलेला नाही.