मुकादमबाईंचा स्वेटर

ती. आईस,
आम्हा दोघांचा नमस्कार. फळं भरायचं काम बरं चाललंय. तुझी सून मजेत आहे, दोघं वेळेवर जेवतो.

एक सांगायचं राहिलंय. मित्रांबरोबर डोंगरात फिरायला जायचं होतं, म्हणून "आई आजारी आहे, घरी जातो" असं सांगून आम्ही मुकादमबाईंकडून आठवड्याची रजा काढली. तेव्हापासून त्या रोज तुझी चौकशी करतात. मी "बरी आहे" म्हणतो आणि मान खाली घालून खोकी भरतो.

काल त्यांनी तुझ्यासाठी स्वतः विणलेला स्वेटर दिला. सोबत पाठवतोय. घट्ट झाला तर मला बोल, माप मी अंदाजे सांगितलं होतं.

त्या परक्या बाई रोज विचारतात, मी तीन महिन्यांत एकदाही विचारलं नाही.

आई, कशी आहेस गं?

तुझा धाकटा