अण्णांनी ऐकलेली शिट्टी

वहिनी,

ओरडायचं ते नंतर ओरडा, आधी वाचा. अण्णा घरात नाहीत. मी सायकलवर जुन्या रेल्वे यार्डाकडे निघालोय. माझ्या फोनची बॅटरी संपलीय, म्हणून ही चिठ्ठी.

चूक माझीच. माझ्या खेळण्यातल्या रेल्वेचा व्हिडिओ काढत होतो. इंजिनाने तीन डबे शेजारच्या रुळावर नेऊन जोडायचे, एवढंच. व्हिडिओला लावतो तो खऱ्या इंजिनाचा आवाज अण्णांच्या कानावर पडू द्यायचा नाही, हे आपलं ठरलेलं; तो ऐकला की आपण रिटायर झालोय हेच ते विसरतात. पण ते गाढ झोपले होते, म्हणून आज हेडफोन काढून तो स्पीकरवर लावला. शिट्टीसकट.

नंतर पाहतो तर पलंग रिकामा, खुंटीवरची त्यांची हिरवी झेंडी गायब. चपला मात्र दारातच.

ते ड्यूटीवर गेलेत, वहिनी. दोन डब्यांच्या मध्ये उभं राहून साखळी अडकवायला. जन्मभर त्यांनी इंजिन कानाने ओळखलं, आणि आताची विजेची इंजिनं अगदी जवळ येईपर्यंत ऐकू येत नाहीत.

आधी यार्डाच्या ऑफिसात फोन करा. मग घरीच थांबा. अण्णा आलेच तर रागावू नका, "तुमची पाळी संपली, बदली माणूस आलाय" एवढंच म्हणा.

फोन बंद पडायच्या आधी व्हिडिओ पुन्हा लावून पाहिला. शिट्टीनंतर मागून अण्णांचा आवाज येतो, "आलो रे, थांब जरा." मग दाराची कडी वाजते. मी चार हातांवरच होतो. एवढासा डबा रुळावरून घसरू नये म्हणून मान खाली घालून बसलो होतो.