बाबांच्या फिल्मचे नापास तुकडे

प्रिय ताई,

शिरसाष्टांग नमस्कार. (बसल्या खुर्चीतूनच घातला आहे, गोड मानून घे. महिनाभर कॉम्प्युटरसमोर बसून कंबर अशी धरली आहे की वाकलो तर सरळ करायला तुझ्यासारखी नर्सच लागेल.) तुझी तब्येत, भाऊजींचा गुडघा आणि तुझ्या वॉर्डातले पेशंट, सगळं ठीक असेल असं धरून चालतो. बाबांच्या ऐंशीव्या वाढदिवसाला तुला रजा मिळाली नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

सगळ्या नातलगांच्या शुभेच्छांची फिल्म करून बाबांना दाखवायची, असं मी छातीठोकपणे जाहीर केलं होतं. जन्मभर लोकांचे कपडे शिवलेल्या माणसाबद्दल लोकांनी चार शब्द बोलावेत आणि त्याने ते बसून ऐकावेत, एवढीच माझी इच्छा. त्यासाठी नवा हाय डेफिनिशन कॅमेरा घेतला. हाय डेफिनिशन म्हणजे काय, तर जे घरच्यांनी वर्षानुवर्षं न पाहिल्यासारखं केलं ते ठसठशीत दिसतं. आत्याला स्वतःच्या भांगातली पांढरी रेघ दिसली आणि तिने माझ्याशी दोन दिवस अबोला धरला. काकांच्या मागच्या कपाटावरची धूळ इतकी सुरेख आली होती की काकूंनी कपाट पुसून त्यांना पुन्हा बोलायला लावलं. मग रोज कुणी ना कुणी माझ्या खुर्चीमागे उभं. माझी हनुवटी काप, त्यांचं खोकणं काप, तिचं एवढं लांबलचक आणि माझं एवढंसंच का? मी कापत गेलो, जोडत गेलो आणि शुक्रवारी पस्तीस मिनिटांची देखणी फिल्म तयार झाली. कुणी अडखळत नाही की कुणी शिंकत नाही. पाहून माझं मलाच भरून आलं.

आणि तिथेच मी माती खाल्ली. कॉम्प्युटर म्हणाला, जागा संपली. मी म्हटलं, फिल्म झाली, आता मूळ चित्रीकरण कशाला हवं? दिलं सगळं पुसून, आणि वर कचरापेटीही रिकामी केली (मला अर्धवट काम आवडत नाही). रविवारी सकाळी फिल्म उघडतो तर पस्तीस मिनिटं नुसते लाल चौकोन. कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याने शांतपणे समजावलं की ही फिल्म नव्हेच, कुठला तुकडा कुठे लावायचा याची नुसती यादी आहे; फिल्म बाहेर काढायची राहूनच गेली. थोडक्यात, मी कापड जाळून टाकलं होतं आणि बेतायचा कागद जपून ठेवला होता. संध्याकाळी पाच वाजता तीस माणसं यायची होती.

उरले होते फक्त पहिल्याच आठवड्यात पेन ड्राइव्हवर वेगळे टाकलेले नापास तुकडे. (बाबा चिंधीसुद्धा फेकत नाहीत, ती खोड माझ्यातही आली आहे.) तेच घाईघाईने जोडले. त्यात आत्या विचारते आहे, सुरू झालं का, मग सांगायचं नाही का मेल्या. काका बाबांचं वय विसरतात, काकू आतून चुकीचं सांगतात आणि त्यावरून दोघांची जुंपते. फिल्म चालू असताना मी पडद्यामागे लपून बसलो होतो. पण ताई, बाबा इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मला फार म्हणजे फार आनंद झाला. हे सगळं ठरवूनच केलं, असं मी सर्वांना सांगितलं आहे.

तुझा धाकटा,
घरचा दिग्दर्शक

ता. क. : तू चार दिवस खपून लिहिलेली आणि तिकडूनच चित्रित करून पाठवलेली कविताही पुसली गेली. रागावू नकोस. तिच्या जागी तुझा नापास तुकडा लावला, अकरा सेकंदांचा, ज्यात कॅमेरा बंद आहे समजून तू मैत्रिणीला म्हणतेस, "बाबा मला फार आवडतात गं, पण समोर बोलले तर उठून जातील." बाबांनी तो पुन्हा लावायला सांगितला. मग म्हणाले, "तिला सांग, उठलो नाही."

ता. क. २ : खरं काम आता सांगतो. गुरुवारी ते तुला स्वतः फोन करणार आहेत, आयुष्यात पहिल्यांदा. काय बोलावं ते सुचणार नाही, म्हणून ब्लाउजचं माप विचारतील. निमूटपणे दे. आणि या खेपेला खरं दे.