सुनंदाचा अर्ज

१७ फेब्रु.
तहसीलसमोरची आमची शेड नगरपंचायतीनं (न.पं.) आज जेसीबी लावून पाडली. नोटीस नाई, काई नाई. अर्ज लिहिणारे आम्ही आठ जण टेबलं घेऊन रस्त्यावर. घरी आलो तं बायको सलमा म्हणते, "दुसऱ्यायचे अर्ज लिहिता, आता आपला लिहा." लिहिला. मेहेरबान साहेब, गरिबावर दया व्हावी. तीस वर्षं हेच लिहून राह्यलो, हात आपोआप चालते.

१९ फेब्रु.
तहसीलदार साहेबानं माझा अर्ज वाचलाबी नाई.
सुनंदानंबी एक दिला म्हणे. बाजूच्या टेबलावरची. तिले टायपिंग मीच शिकवलं, कोणतं बोट कुठी ठेवाचं ते! तिच्या कागदात दयाबिया नाई. सरळ लिहिलं, घटनेच्या बाराव्या कलमात 'राज्य' म्हणजे दिल्ली-मुंबईच नाई, नगरपंचायतबी त्यातच येते. म्हणून आमचं न ऐकता हटवणं चौदाव्या कलमाच्या विरुद्ध.
मी म्हटलं, "अवं, मूलभूत हक्क मोठ्या सरकारासाठी असते. न.पं. तं आपल्या घरची."
"भाऊ, घरच्यानं मारलं तं लागत नाई काय? घटना लिहिणाऱ्यायले माहीत होतं, दिल्ली दूर हाय, छळते गावचाच."
सारे हसले. माझ्यावर.

२४ फेब्रु.
तिच्या अर्जावर सुनावणी लागली. जळलो. खोटं काऊन लिहू. चंद्रपूरच्या वकिलानं फोन करून तिची तारीफ केली, फुकट उभा राहतो म्हणे. आन् माझी वीस वर्षांची गिऱ्हाईक, पाटोळेबाई, माझ्या टेबलासमोरून तिच्याकडे गेली. "रागवू नका भाऊ, तिच्या कागदाले साहेब भेते."
सलमाले सांगितलं. "पोरीचं चांगलं पाहून पोट दुखते? ओवा खा."
मले वीस वर्षाआधी कोणी बारावं कलम शिकवलं असतं तं... पण कोणी शिकवलं?

२७ फेब्रु.
न.पं. म्हणते, हे लोक इथी कधी बसतच नव्हते. पुरावा पाह्यजे.
सुनंदा दुपारी घरी आली. "भाऊ, तुमच्या रोजनिश्या द्या. कोण आलं, कोणता अर्ज लिहिला, तुम्ही रोज लिहिता. याहून पक्का पुरावा कोणाजवळ नाई."
बरं वाटलं बाप्पा! शेवटी माझ्यापाशीच अडलं. छाती फुगली.
मंग म्हणते, "चालू वर्षाचीबी द्या. शेड पाडल्याचा दिवस त्यातच असन. वकील मोठ्यानं वाचून दाखवन."

२८ फेब्रु.
ही पानं सकाळपासून तीनदा वाचली. फाडाचं ठरवलं होतं. पण पानं फाडलेल्या वहीवर कोणी भरोसा ठेवत नाई, हे मीच लोकायले सांगत आलो. नाई दिली तं आठ टेबलं जातात, त्यात माझंबी. दिली तं साऱ्यायसमोर, सुनंदासमोर, जळलो हे...
सुनावणी आजच, अकरा वाजता. दारात तिची स्कूटी थांबली. सलमा आतून विचारते, "तुम्ही देता का मी देऊ?"